गणेशवेल आणि काळादाणा : कोल्हापूर परिसरातील फुलवेलींच्या घरगुती बीजपरंपरेचा ऐतिहासिक मागोवा

सारांश

सकाळी उमलून दुपारपूर्वी मिटणाऱ्या फुलांच्या वर्षायू वेली कोल्हापूर परिसरातील परसबागांत पिढ्यान्‌पिढ्या बियांपासून वाढविल्या जात आहेत. गणेशवेल व काळादाणा या त्यांतील दोन प्रमुख वेली होत. वनस्पतिशास्त्र व औषधिशास्त्र यांच्या लिखित साधनांत या वेलींची नोंद आढळते. परंतु घराघरांतून चालत आलेल्या त्यांच्या बियांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. प्रस्तुत लेखात उपलब्ध लिखित साधनांच्या आधारे या वेलींचे आगमन, त्यांचे नामकरण व त्यांचा औषधी व्यापार यांचा मागोवा घेतला असून, घरगुती बी हे इतिहासाचे साधन मानता येईल काय, आणि मानावयाचे झाल्यास कोणत्या मर्यादेत, या प्रश्नाचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : गणेशवेल, काळादाणा, हरिणपदी कुल, परसबाग, बीजपरंपरा, कोल्हापूर.

प्रस्तावना

मृगाचा पाऊस पडून गेला की जुन्या घरांतून डब्यांत, कापडी पुरचुंडीत किंवा लग्नपत्रिकेच्या पाकिटात जपून ठेवलेले बी बाहेर निघते. दोडका, घेवडा, काकडी यांच्या बियांबरोबर त्यात काही बिया अशा असतात की ज्यांपासून खाण्यासारखे काहीच मिळत नाही. त्या केवळ फुलांसाठी जपलेल्या असतात. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत किंवा पन्हाळा, करवीर व भुदरगड तालुक्यांतील खेड्यांत श्रावण-भाद्रपदात कुंपणावर, न्हाणीघराच्या भिंतीवर अथवा तुळशीवृंदावनाशेजारच्या काठीवर चढलेली लाल चांदण्यांची गणेशवेल दिसते ती अशाच बियांची. तिच्या जोडीने निळ्या रंगाच्या, नरसाळ्याच्या आकाराच्या फुलांची वेल अनेक ठिकाणी असते. तिला कोणी निळी वेल म्हणतात, तर तिच्या बियांवरून वैद्य तिला काळादाणा म्हणतात.

स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात राजवाडे, किल्ले, जलाशय, बाजारपेठा आणि शिक्षणसंस्था यांना योग्य ते स्थान मिळालेले आहे. कोल्हापूरच्या बाबतीत तर राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीमुळे ही साधने विपुल आहेत. परसबागेचा इतिहास मात्र लिहिला गेलेला नाही. याचे कारण उघड आहे. परसबाग ही बहुतांशी स्त्रियांच्या हातची, खर्चाच्या वहीत न येणारी आणि दरवर्षी मोडून पुन्हा उभी राहणारी गोष्ट होय. तिच्यावर कर नव्हता, म्हणून तिची नोंद नव्हती. प्रस्तुत लेखाचा प्रारंभबिंदू हाच आहे.

अभ्यासाचा उद्देश व मर्यादा

या लेखाचे उद्देश तीन आहेत. पहिला, या वेली आपल्या प्रदेशात कशा आल्या याचा लिखित साधनांतून शोध घेणे. दुसरा, परक्या मूळच्या वनस्पतीस घरचे व धार्मिक नाव कसे मिळते हे पाहणे. तिसरा, बियांपासून वेल वाढविण्याची जी रीत घराघरांत चालत आली तिचा वनस्पतिशास्त्राच्या आधारे अर्थ लावणे. हा लेख वनस्पतींच्या सर्वेक्षणावर आधारलेला नाही. तो साधनांच्या वाचनावर आधारलेला आहे, हे येथेच स्पष्ट करणे आवश्यक आहे.

हरिणपदी कुल : घरातील व रानातील

विचाराधीन वेली वनस्पतिशास्त्रात हरिणपदी कुलात मोडतात. या कुलाची ओळख आपणास वाटते त्यापेक्षा अधिक जवळची आहे. आषाढी एकादशीस व महाशिवरात्रीस उपवासाला चालणारे रताळे याच कुलातील होय. समुद्रकिनाऱ्यावरील वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल, आयुर्वेदात विरेचनासाठी श्रेष्ठ मानलेली निशोत्तर म्हणजे त्रिवृत्, मोठ्या रुपेरी पानांचा समुद्रशोक, पराश्रयी अमरवेल आणि पाणथळ जागी माजणारी बेशरम ही सर्व एकाच कुटुंबातील मंडळी आहेत. गणेशपूजेतील एकवीस पत्रींत ज्या विष्णुक्रांतेचा समावेश होतो, तीही महाराष्ट्रातील प्रचलित ओळखीनुसार याच कुलातील निळ्या फुलांची लहान वनस्पती होय.

यांपैकी त्रिवृत् येथील मूळची असून चरकसंहितेच्या कल्पस्थानात तिचा विस्ताराने विचार झालेला आहे. गोव्यात १५६३ मध्ये छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या संवादरूप ग्रंथात ‘तुर्बित’ या नावाने हीच वनस्पती येते. म्हणजे युरोपीय वैद्यकाने आपल्या प्रदेशातील या कुलाची पहिली महत्त्वाची दखल घेतली ती औषध म्हणून. पुढील तीन शतके हीच दृष्टी कायम राहिली.

याउलट रताळे अमेरिकेतून आले. गणेशवेलही उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील होय. ज्या कुलातील एक वनस्पती चरकाच्या काळापासून येथे आहे आणि दुसरी पोर्तुगीज जहाजांच्या काळात आली, त्या कुलात ‘देशी’ आणि ‘परदेशी’ ही विभागणी सरधोपटपणे करता येत नाही. पंधराव्या शतकापूर्वी महाराष्ट्रात नसलेले रताळे आज उपवासाचे पवित्र अन्न ठरले आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गणेशवेलीचे आगमन

गणेशवेल भारतात नेमकी कोणत्या वर्षी आली हे सांगणारा कागद नाही. परंतु ती कोणत्या काळापूर्वी आली हे सांगता येते. मलबारचे डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीड यांनी सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या अकराव्या खंडात, म्हणजे १६९२ मध्ये, गणेशवेलीचे चित्र व वर्णन येते. त्याच खंडात रात्री उमलणाऱ्या पांढऱ्या चांदवेलीचेही चित्र आहे. दोन्ही वेली मूळच्या अमेरिकेतील असूनही सतराव्या शतकात त्या मलबारात इतक्या रुळल्या होत्या की तेथील लोकांनी त्यांना आपल्या भाषेत नावे दिली होती. लिनिअस यांनी १७५३ मध्ये या दोन्ही वेलींना शास्त्रीय नावे दिली. त्यांपैकी चांदवेलीचे ‘आयपोमिया आल्बा’ हे नाव रीड यांच्याच चित्रावर आधारलेले आहे. अमेरिकेतील वनस्पतीचे शास्त्रीय नाव भारतात काढलेल्या चित्रावरून निश्चित व्हावे, ही वनस्पतींच्या जागतिक प्रवासाच्या इतिहासातील लक्षणीय घटना होय.

या ग्रंथाचा मराठी-कोकणी प्रदेशाशी असलेला संबंधही विसरता येत नाही. रंग भट, विनायक पंडित व आपू भट या कोचीनमधील कोकणी वैद्यांनी १६७५ मध्ये दिलेले प्रमाणपत्र नागरी लिपीत या ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेले आहे, आणि चित्रांवर वनस्पतींची नागरी लिपीतील नावेही दिलेली आहेत. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या समाजाकडे सतराव्या शतकात या वनस्पतींचे ज्ञान होते, असा त्याचा अर्थ होतो.

कोल्हापूरच्या दृष्टीने विचार करता, १५१० पासून गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि आंबोली, फोंडा व आंबा या घाटांनी कोकणातील बंदरे व देश यांचा संबंध अखंड होता. या घाटांतून मीठ, नारळ, मसाला व कापड यांची ने-आण होत असे. ज्या बियांचे वजन तोळ्यातही भरत नाही अशा बिया त्या मालाबरोबर, किंवा सासरी-माहेरी जाणाऱ्या स्त्रियांबरोबर, वर आल्या असाव्यात असे अनुमान करता येते. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. तथापि मिरची, झेंडू, पेरू व सीताफळ यांचा प्रवास ज्या प्रकारे झाला, त्याच्याशी ते सुसंगत आहे.

नामकरण : परके बी आणि घरचे नाव

‘गणेशवेल’ हे नाव कसे पडले असावे? वेल श्रावणात फुलू लागते व भाद्रपदात तिला भर येतो. फूल लाल असून त्यास पाच टोके असतात. पान पिसासारखे बारीक चिरलेले असल्याने मखर व आरास यांसाठी वेल शोभून दिसते. गणपतीचा आवडता रंग लाल, त्याचा सण भाद्रपदातला आणि वेल त्या वेळी अंगणात फुललेली; एवढ्या तीन गोष्टी लोकमानसास पुरेशा होत्या. एकवीस पत्रींच्या पारंपरिक यादीत गणेशवेल नाही. शास्त्राने तिला स्थान दिले नाही, ते लोकाचाराने दिले.

याच प्रक्रियेची इतर उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू मेक्सिकोतून आला. कृष्णकमळ हेही मूळचे अमेरिकेतील फूल. ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी त्यात येशूच्या क्रूसारोहणाची चिन्हे पाहिली, तर आपल्याकडे त्याच फुलाच्या तंतूंत शंभर कौरव, मध्ये पाच पांडव आणि केंद्रस्थानी कृष्ण दिसला. फूल एकच, त्याचे वाचन दोन संस्कृतींनी आपापल्या कथांनुसार केले. वनस्पती स्वीकारणे म्हणजे केवळ ती लावणे नव्हे, तर तिला आपल्या पंचांगात व कथेत जागा देणे होय. एकदा अशी जागा मिळाली की तिचे परकेपण दोन-तीन पिढ्यांत विस्मरणात जाते.

काळादाणा : परसातून औषधालयात

काळादाण्याचा इतिहास वेगळ्या वळणाचा आहे. याचे शास्त्रीय नाव ‘आयपोमिया निल’. त्यातील ‘निल’ हा शब्द अरबीमार्गे आलेला असून त्याचे मूळ संस्कृत ‘नील’ या शब्दात आहे. अरबी-फारसी वैद्यकात या बियांस ‘हब्बुन्नील’ म्हणतात, तर संस्कृत निघंटूंच्या परंपरेत ‘कृष्णबीज’ असे नाव रूढ झाले. याच्या जवळच्या नातलग जाती अमेरिकेत आढळत असल्याने याचेही मूळ तेथेच असावे असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. परंतु चीन व जपानमध्ये ते कोलंबसाच्या कितीतरी आधी पोहोचलेले होते. त्यामुळे ते आशियात कसे आले हा वादाचा विषय आहे. गणेशवेलीस लागू पडणारे पोर्तुगीज जहाजांचे स्पष्टीकरण काळादाण्यास लागू पडत नाही. शेजारी शेजारी एकाच काठीवर चढणाऱ्या दोन वेलींचे इतिहास इतके भिन्न असू शकतात.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय वैद्यकात रेचक म्हणून ‘जलाप’ या मेक्सिकन मुळीस फार मागणी होती. मेक्सिकोतील हालापा या गावावरून तिला हे नाव मिळाले. तीही हरिणपदी कुलातीलच. ती दुरून आणावी लागे आणि महाग पडे. तिला पर्याय म्हणून काळादाण्याचे बी वापरावे, ही शिफारस रॉक्सबर्ग यांनी केली; ओशॉघ्नेसी यांनी बंगालमध्ये त्याचे प्रयोग केले. १८६८ मध्ये वेअरिंग यांनी संपादित केलेल्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’ या सरकारमान्य ग्रंथात काळादाण्यास स्थान मिळाले. मुंबईतील सरकारी औषध भांडाराशी संबंधित असलेले विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर यांच्या सहकार्याने १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ या ग्रंथातही त्याचा विचार आहे. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘वनौषधि गुणादर्श’ व वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ या ग्रंथांनी देशी औषधांचे ज्ञान सामान्य वाचकापर्यंत पोहोचविले.

येथे अभ्यासकाने एक दक्षता घ्यावयास हवी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक ग्रंथांत काळादाण्याचे शास्त्रीय नाव ‘आयपोमिया हेडरेशिया’ असे दिलेले आढळते. आज ही दोन नावे दोन भिन्न जातींची मानली जातात. जुन्या ग्रंथातील नाव जसेच्या तसे उचलल्यास आपल्या परिसरात नसलेली जाती असल्याचा भ्रम निर्माण होतो. वनस्पतींच्या इतिहासात नाव हेही एक साधन असून त्याचीही चिकित्सा आवश्यक ठरते.

लिखित साधनांचे मौन

मुंबई इलाख्यातील वनस्पतींची नोंद करणारे ग्रंथ कमी नाहीत. जॉन ग्रॅहॅम यांची मुंबई परिसरातील वनस्पतींची सूची १८३९ मध्ये, डालझेल व गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये, तर थिओडोर कुक यांचा इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. डालझेल व गिब्सन यांनी देशी वनस्पती मुख्य ग्रंथात व बाहेरून आलेल्या वनस्पती पुरवणीत, अशी विभागणी केली. पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यान १८२८ ते १८६५ पर्यंत चालले व तेथून रोपे आणि बियांचे वाटप होत असे. तेथील वनस्पतींची चित्रे गिब्सन यांनी एका भारतीय चित्रकाराकडून काढवून घेतली. ती आज एडिंबरा येथे जतन केलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र उपलब्ध नाही.

कोल्हापूर संस्थानाचे स्वतंत्र गॅझेटिअर १८८६ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा चोविसावा खंड म्हणून निघाले. १८७२ ते १८७६ या काळात बांधलेल्या टाऊन हॉलभोवती बाग उभी राहिली, १८८४ मध्ये नवा राजवाडा पूर्ण झाला, आणि १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. रेल्वे स्थानकांच्या कुंपणांवर सर्वत्र दिसणारी, पाच बोटांच्या पानांची गारवेल युरोपीय लोकांत ‘रेल्वे क्रीपर’ याच नावाने ओळखली जाई. ती बहुधा फाट्यांपासून लावली जाते. शोभेच्या बागेची कल्पना अशा रीतीने सार्वजनिक जागी रुजत असताना घरामागच्या परसात काय फुलत होते, याविषयी ही साधने मौन पाळतात.

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ मध्ये झाल्यानंतर येथील वनस्पतिशास्त्र विभागाने हे चित्र बदलले. डॉ. एस. आर. यादव व डॉ. एम. एम. सरदेसाई यांचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’ हा ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला व जिल्ह्याच्या वनसंपदेचा पाया घातला गेला. हरिणपदी कुलाच्या अभ्यासातही कोल्हापूरचे स्थान महत्त्वाचे आहे. डॉ. विनोद शिंपले व डॉ. प्रमोद लावंड यांनी बालाघाट डोंगररांगेतून समुद्रशोकाच्या प्रजातीतील एक नवी जाती शोधून काढली आणि तिला ‘अर्गिरिया शरदचंद्रजी’ असे नाव दिले. परंतु वनस्पतिकोशाचे काम जाती नोंदविण्याचे असते. एकाच जातीच्या निळ्या, जांभळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांच्या घरगुती वाणांपैकी कोणता कोणाच्या घरी किती पिढ्या आहे, हा त्याचा विषय नव्हे. तो इतिहासाचा विषय आहे, आणि इतिहासाने तो घेतलेला नाही.

बियांपासून वेल : रीतीचा अर्थ

घरगुती रीत अशी : बी रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालतात. काही ठिकाणी ते आधी खरखरीत दगडावर हलकेच घासतात. सकाळी जे बी फुगून आले ते पेरतात, न फुगलेले पुन्हा घासून भिजवतात. पेरणी अर्ध्या बोटाच्या पेराएवढी खोल व कायमच्या जागीच करतात, कारण रोप उपटून दुसरीकडे लावलेले त्यास मानवत नाही. आठवडाभरात दोन शिंगांसारखी दलपत्रे वर येतात. मग आधाराला काठी किंवा सुतळी देतात. शेणखत बेताने घालतात. ‘खत जास्त झाले की पानेच माजतात’ हे सांगावे लागत नाही.

या प्रत्येक कृतीस आधार आहे. या कुलातील बियांचे कवच पाणी आत न शिरू देणारे असते. त्यामुळे बी जिवंत असूनही रुजत नाही. घासल्याने वा टोकरल्याने पाण्यास वाट मिळते. निसर्गात हीच गोष्ट ऊन, पाऊस व मातीची झीज यांमुळे सावकाश होते, आणि म्हणून एका वर्षी पडलेले बी अनेक वर्षांत थोडे थोडे उगवते. नत्र अधिक झाल्यास पानांची वाढ होऊन फुले उशिरा येतात हेही सर्वमान्य आहे.

काळादाणा ही रात्रीच्या लांबीस प्रतिसाद देणारी वनस्पती म्हणून शरीरक्रियाशास्त्रात प्रसिद्ध आहे. तिच्या एका जपानी वाणाचे रोप केवळ एका लांब रात्रीनंतरही फुलाकडे वळते. कोल्हापूरच्या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सुमारे तेरा तासांचाच असल्याने येथे ती सहज फुलते. मात्र पेरणी पावसाळा संपता संपता केली तर वेल वीतभर असतानाच फुलून जाते व बी थोडे मिळते. मृगात पेरावे हा नियम केवळ पाण्यासाठी नाही. वेलीस वाढीसाठी अवधी मिळावा हाही त्याचा परिणाम आहे.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा बी धरण्याचा. काळादाणा व गणेशवेल यांच्यात बहुतांशी स्वपरागण होते. फूल उमलण्याच्या सुमारास त्याचेच पराग त्याच्याच कुक्षीवर पडतात. त्यामुळे आईसारखीच मुलगी निपजते व वाण शुद्ध राहतो. रुंद हृदयाकृती पानांच्या ‘आयपोमिया पर्प्युरिया’ या जातीत मात्र मधमाश्यांमुळे परपरागण बरेच होते. दोन रंग जवळ लावल्यास पुढच्या वर्षी मिश्रण दिसते. या दोन जाती ओळखण्याची सोपी खूण म्हणजे काळादाण्याची हिरवी संदले लांब, निमुळती व केसाळ असतात, तर दुसरीची आखूड असतात. बोंड वाळून कागदासारखे झाले पण फुटले नाही, त्या वेळी बी काढावे. काळादाण्याच्या बोंडात साधारण सहा, तर गणेशवेलीच्या बोंडात चार बिया असतात. या बिया तीव्र रेचक व विषारी असल्याने त्या मुलांच्या हाती लागू न देण्याची काळजी घ्यावीच लागते.

जपान व अमेरिका : दोन उदाहरणे

जपानमध्ये काळादाणा नारा काळात चीनमधून औषधी बी म्हणूनच गेला. पुढे एदो काळात, विशेषतः १८०४ ते १८३० व १८४८ ते १८६० या दोन कालखंडांत, तेथील नागरिकांना या वेलीच्या विचित्र रूपांचे वेड लागले. चिरलेल्या पाकळ्यांची, पिसासारख्या पानांची, दुहेरी फुलांची रूपे त्यांनी निपजविली. त्यांतील सर्वांत मौल्यवान रूपे वांझ होती. त्यांना बी धरत नसे. म्हणून त्या रूपांच्या साध्या दिसणाऱ्या भावंडांचे बी वेगवेगळे ठेवून, पेरून, कोणत्या भावंडाच्या पोटी ते रूप पुन्हा प्रकटते हे पाहिले जाई. मेंडेलचे नियम माहीत होण्यापूर्वी केवळ काटेकोर नोंदीच्या बळावर त्यांनी हे साध्य केले. आज क्यूशू विद्यापीठात हे वाण जतन केले जातात व २०१६ मध्ये या वनस्पतीचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला.

दुसरे उदाहरण अमेरिकेतील आयोवा राज्याचे. बव्हेरियातून स्थलांतरित झालेल्या एका कुटुंबाने आणलेले जांभळ्या फुलांच्या वेलीचे बी आजोबांनी नातीस दिले. ते आपण न जपल्यास संपेल या जाणिवेतून डायान ऑट व्हीली व केंट व्हीली यांनी १९७५ मध्ये बियांची देवाणघेवाण करणारी संस्था सुरू केली. आज ‘सीड सेव्हर्स एक्स्चेंज’ या नावाने ती हजारो वाण सांभाळते. ही वेल मूळची अमेरिका खंडातीलच. ती युरोपात गेली व स्थलांतरितांच्या सामानातून परत आली.

आपल्याकडे अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी धान्य व भाजीपाल्याचे गावरान बी जपून जे कार्य केले, त्याचा २०२० च्या पद्मश्रीने गौरव झाला. अन्नाच्या बियांचे मोल त्यामुळे समाजास पटले. फुलांच्या बियांस मात्र तो युक्तिवाद लागू होत नाही. त्यांनी पोट भरत नाही. त्यांचे मोल स्मृतीचे व ज्ञानाचे आहे, आणि म्हणूनच ते अधिक सहज हरवते.

बी हे साधन मानावे काय?

घरगुती बी हे इतिहासाचे साधन मानण्यास काही रास्त आक्षेप आहेत. बियांवर तारीख नसते. एका घरचे बी दुसऱ्या घरी गेले याचा लेखी पुरावा नसतो. बाजारातून आणलेले पाकीट मध्येच कधी मिसळले हे सांगता येत नाही. ‘आजीच्या वेळेपासून आहे’ हे विधान आठवणीवर अवलंबून असते. हे आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. परंतु स्वपरागण होणाऱ्या वाणाचे रंगरूप पिढ्यान्‌पिढ्या स्थिर राहते, ही वस्तुस्थिती या साधनास काही अंशी विश्वासार्हता देते. मौखिक इतिहासाची साक्ष, वाणाचे रूप आणि आवश्यक तेथे जनुकीय तुलना या तिन्हींचा मेळ घातल्यास काही विधाने निश्चितपणे करता येतील.

दुसरा आक्षेप पर्यावरणाचा आहे. बाहेरून आलेल्या वेलींचे जतन कशासाठी? बेशरमीने पाणथळ जागांची काय अवस्था केली हे आपण पाहतो. हा आक्षेप गंभीर आहे व त्याचे उत्तर भावनेने देता येणार नाही. गणेशवेल व काळादाणा कुंपणाबाहेरही पसरतात, म्हणून त्यांचे बी सड्यांवर, देवरायांत वा जंगलाच्या कडेला टाकणे सर्वथा अयोग्य होय. जतन करावयाचे ते परसात व कुंडीत, बोंडे वेळेवर काढून. ‘जुने’ आणि ‘देशी’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत, हे भान दोन्ही बाजूंनी ठेवले पाहिजे.

या प्रश्नास काळाची निकड आहे. पेठांतील वाडे जाऊन तेथे बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. परस गेले तसे परसातील बीही गेले. २००५, २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठची घरे पाण्याखाली गेली. फडताळातील कागदपत्रे भिजली तर निदान त्यांची हळहळ होते. त्याच फडताळातील बियांची पुरचुंडी गेली तर तिची कोणी नोंदही घेत नाही. कागद न वापरता जपता येतो. बी मात्र काही वर्षांत पेरलेच पाहिजे. पेरले नाही तर ते संपते. वापर हीच त्याच्या जतनाची रीत होय.

निष्कर्ष

१. गणेशवेल ही अमेरिकेतून आलेली असून १६९२ पूर्वीच ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर रुळली होती. काळादाण्याचे आशियातील अस्तित्व त्याहून बरेच जुने असून त्याचा मार्ग अद्याप वादग्रस्त आहे.

२. पारंपरिक पत्रींच्या यादीत नसलेल्या वेलीस गणेशाचे नाव मिळणे ही लोकाचाराची प्रक्रिया असून झेंडू, कृष्णकमळ व रताळे यांच्या स्वीकाराशी ती समांतर आहे.

३. लिखित साधनांनी या वेलींची दखल औषध व शास्त्रीय नमुना म्हणून घेतली. घरगुती जतनाची, म्हणजे मुख्यतः स्त्रियांच्या श्रमाची व ज्ञानाची, नोंद त्यांत नाही.

४. बी भिजविणे, घासणे, मृगात पेरणे, बोंड वेळेवर काढणे ही रीत शास्त्राच्या कसोटीस उतरते.

५. महाविद्यालयांतील इतिहास व वनस्पतिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन घरगुती फुलवेलींच्या बियांची नोंदवही सुरू करावी. बी देणाऱ्याची संमती, घरातील नाव, बी कोठून आले याची सांगितलेली हकिकत, पेरणीचे वर्ष, फुलाचे छायाचित्र व वाळवलेला नमुना एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. यासाठी मोठा निधी लागत नाही. दोन वाफे, काही काठ्या व दरवर्षी जून महिन्यात न चुकता बी पेरणारा एक अध्यापक लागतो.

जपानी नागरिकांकडे नोंदवही होती म्हणून त्यांची वेल प्रयोगशाळेपर्यंत पोहोचली. आपल्याकडील बी आजवर माणसांच्या हातून हातात गेले. ते हात आता थकत आहेत. पुढील पावसाळ्यापूर्वी त्यांच्याजवळ बसून, पुरचुंडीतील बी कोणाकडून आले हे विचारून लिहून घेणे, एवढे काम आपल्या पिढीच्या अध्यापकांना करता येण्यासारखे आहे.